वाड्यात या, पण दुपारी एक वाजता

प्रति,
शनिवारवाड्यातल्या ‘भुता’च्या सहली नेणारे, रात्रीचे व्हिडिओ करणारे आणि ही गोष्ट पुढे सांगणारे सर्वजण

सप्रेम नमस्कार.

पौर्णिमा जवळ आली की तुमचे नवे व्हिडिओ यायला लागतात. बंद दिल्ली दरवाजा, मोबाइलच्या उजेडात चमकणारे त्याच्यावरचे लोखंडी सुळे, दबक्या आवाजातलं निवेदन आणि मग लांबून कुठून तरी आल्यासारखी नारायणराव पेशव्यांची हाक, ‘काका, मला वाचवा!’ खाली प्रतिक्रियांचा पाऊस. कुणाच्या अंगावर काटा आलेला असतो, कुणाच्या मित्राच्या चुलत्याने ती हाक स्वतः ऐकलेली असते, आणि कुणीतरी पुढच्या पौर्णिमेला कोण कोण येणार म्हणून विचारत असतं.

मी शाळेत इतिहास शिकवतो. मुलांना घेऊन शनिवारवाड्यात येणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. अलीकडे दरवाज्यातून आत शिरल्या शिरल्या मुलं पहिला प्रश्न विचारतात तो, ‘सर, भूत कुठल्या बाजूला असतं?’ बाजीराव कुठे राहायचे, नगारा कधी वाजायचा, हे नंतर, बहुतेकदा नाहीच. वाड्याची गोष्ट त्यांना माझ्याआधी तुम्ही सांगितलेली असते. म्हणून हे पत्र तुम्हाला.

तुम्ही लोकांना वाड्याकडे ओढून आणता याबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे आधीच सांगतो. जिथे खून पडला तिथे जाऊन उभं राहावंसं वाटणं ही फार जुनी ओढ आहे आणि तिची लाज वाटायचं कारण नाही. मलाही ती आहे. तुमच्यापैकी अनेकांची सांगण्याची हातोटी माझ्यासारख्या मास्तराला हेवा वाटावा अशी आहे. पण तुम्ही सांगता ती गोष्ट प्रत्यक्ष घडलेल्या घटनेपेक्षा फार लहान आहे, आणि लहान करताना तिच्यातून नेमकी तीच माणसं गळून पडली आहेत ज्यांच्यासाठी ती सांगायला हवी. याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे.

आधी नारायणरावांच्या खुनाचा तो दिवस बघू या. ३० ऑगस्ट १७७३, सोमवार, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. गणपतीचे दिवस. पौर्णिमा अजून दोन दिवसांवर होती. आणि खून रात्री झालाच नाही. तो झाला दुपारी एकच्या सुमाराला, लख्ख उजेडात, जेवणं नुकतीच उरकत असताना. मध्यरात्र, चांदणं, वटवाघळं, यातलं काहीही त्या घटनेत नाही.

गारद्यांमध्ये, म्हणजे वाड्यावरच्या भाडोत्री शिपायांमध्ये, सकाळपासून चुळबुळ होती. काहीतरी शिजतंय याची कुणकुण नारायणरावांना लागली होती आणि त्यांनी आपले सरदार हरिपंत फडके यांना बंदोबस्त करायला सांगितलंही होतं. हरिपंत जेवायला गेले. बंदोबस्त जेवणानंतर व्हायचा होता. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी जागा ही आहे. धोक्याची सूचना आली होती, योग्य माणसाला सांगितली गेली होती आणि तरीही ती एका दुपारच्या जेवणाएवढी मागे पडली. तुमच्यापैकी कुणीतरी एकदा ही गोष्ट इथून सुरू करून बघा. पार्श्वसंगीताची गरज पडणार नाही.

जेवून नारायणराव आडवे झाले होते. थकलेल्या पगाराचा ओरडा करत गारदी आत घुसले आणि जो आडवा येईल त्याला कापत पुढे सरकले. हे काही बाहेरून चालून आलेले शत्रू नव्हते, पेशव्यांच्याच पदरचे शिपाई होते. नारायणराव उठून पळाले ते आधी पार्वतीबाईंकडे. पानिपतावर गेलेल्या सदाशिवरावभाऊंच्या या पत्नी. तिथून ते सख्खे काका राघोबादादा यांच्या दालनात शिरले आणि त्यांना मिठी मारून जिवाची भीक मागू लागले. तुळाजी पवाराने त्यांना ओढलं. सुमेरसिंग गारद्याने वार केले. नारायणरावांना अठरा वर्षं पूर्ण होऊन तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. पेशवाईची वस्त्रं मिळून वर्षही झालं नव्हतं.

अर्ध्या तासात अकरा माणसं मारली गेली. नारायणरावांसह सात ब्राह्मण, दोन मराठा सेवक आणि दोन दासी.

या अकरांपैकी चापाजी टिळेकर हे नाव तुमच्या एकाही व्हिडिओत मी ऐकलेलं नाही. हा नारायणरावांचा सेवक. तलवारी उगारलेल्या असताना तो धन्याच्या अंगावर पालथा पडला आणि ते वार त्याने स्वतःवर घेतले. काका तिथेच होते. धावून गेला तो हा नोकर. मला तर शनिवारवाड्याच्या गोष्टीतला नायक तोच वाटतो. आणि त्या दोन दासी? सकाळी कामाला लागल्या असतील, दुपारी कुठल्या तरी दालनाच्या उंबऱ्यात त्यांचा शेवट झाला. राजकारणात त्यांचा कसलाही वाटा नव्हता. भूत झालंच असेल तर एकट्या पेशव्याचं का व्हावं, बाकीच्या दहांचं का नाही, हा प्रश्न मला वर्गातल्या एका मुलीने विचारला होता. मी तिला म्हटलं, कारण गोष्टी सांगणाऱ्यांना ते दहा जण माहीतच नाहीत.

त्या रात्री त्रिंबकमामा पेठ्यांनी नारायणरावांचा छिन्नविच्छिन्न देह गुपचूप नदीकाठी नेला आणि अग्नी दिला. देह ज्या दरवाज्यातून बाहेर काढला गेला तो दक्षिणेकडचा जांभूळ दरवाजा पुढे नारायण दरवाजा म्हणून ओळखला जाऊ लागला. तुमच्या सहली सगळ्या दिल्ली दरवाज्यापाशी थांबतात, कारण तो भव्य आहे आणि चित्रात छान दिसतो. नारायण दरवाज्याकडे फारसं कुणी फिरकत नाही. गंमत म्हणून नाही, खरोखर सांगतो, एकदा लोकांना तिथे घेऊन जा. तो आकाराने साधा आहे. रीतसर अंत्ययात्रा निघू नये, शहराला कळू नये म्हणून एखाद्या राज्यकर्त्याचा देह अशा दरवाज्यातून नेला जातो, हे तिथे उभं राहिल्यावर न सांगता समजतं.

आता वाड्याबद्दल. काही व्हिडिओंत ‘हीच ती खोली’ म्हणून एखादा कोनाडा किंवा बुरुजातली देवडी दाखवली जाते. मित्रहो, ती खोली अस्तित्वात नाही. पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी ज्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी ज्याची वास्तुशांत केली तो सागवानी वाडा २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत खाक झाला. आग कित्येक दिवस धुमसत होती. उरली ती तटबंदी, नऊ बुरूज, पाच दरवाजे, वरचा नगारखाना, हजारी कारंजं आणि दालनांची जोती. नारायणराव ज्या पायऱ्यांवरून धावले, ज्या दारांवर त्यांनी थापा मारल्या असतील, ज्या दालनात त्यांनी काकांना मिठी मारली, ते सगळं जळून दोनशे वर्षं होत आली. त्या जागी आज हिरवळ आहे, सिमेंटच्या वाटा आहेत आणि सुट्टीच्या दिवशी डबे उघडून बसलेली कुटुंबं आहेत.

आणि तरी, किंवा त्यामुळेच, ती जोती बघण्यासारखी आहेत. मी मुलांना एका जोत्यावर उभं करतो आणि शेजारच्या जोत्यावर चालत जायला सांगतो. गुडघ्याएवढ्या उंचीचे दगड. चार पावलं, वळण, पुन्हा सहा पावलं, की दुसरं दालन. आपण ‘पेशव्यांचा महाल’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर लांबच लांब कमानी आणि पोकळ दिवाणखाने येतात. जोती वेगळं सांगतात. ही माणसं अगदी लगटून राहत होती. एकाचं खोकणं दुसऱ्याला ऐकू जावं एवढ्या अंतरावर. काका, पुतण्या, विधवा काकू, बायका, मुलं, कारकून, आश्रित, पहारेकरी, सगळे एका छताखाली. त्यात काका नजरकैदेत आणि पुतण्या गादीवर. रोज सकाळी हे लोक एकमेकांच्या दारावरून जात असतील. वैर असं चिंचोळ्या जागेत साठतं तेव्हा काय होतं, हे त्या दगडांवर चालताना मुलांना कळतं. एका मुलाने मला तिथेच विचारलं होतं, ‘मग ओरडलेलं सगळ्यांना ऐकू आलं असेल ना?’ आलं असेल. सगळ्यांना.

इथेच माझ्या मनातली मुख्य गोष्ट येते. ती हाक काकांना मारलेली होती. जिवंत माणसाने, जिवंत माणसाला, हाताच्या अंतरावरून. ऐकणारा हात पुढे करू शकत होता. तुमच्या गोष्टीत ती हाक अडीचशे वर्षं हवेत फिरते आहे आणि ती ऐकायला आपण जमलो आहोत. आपण काहीच करू शकत नाही, म्हणून आपण फक्त शहारतो आणि घरी जातो. हाक भुताची झाली की काका गोष्टीतून बाहेर पडतात. त्यांना कुणी काही विचारत नाही.

खरं तर विचारण्यासारखं खूप आहे. राघोबादादा हे काही कुणी उपटसुंभ खलपुरुष नव्हते. १७५८ साली अटकेपर्यंत गेलेल्या फौजांचे ते सेनापती. पानिपतानंतर नानासाहेब गेले आणि सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले, तेव्हापासून आपल्याला डावललं गेलं ही सल त्यांनी सोडली नाही. १७६२ मध्ये आळेगावला त्यांनी निजामाची मदत घेऊन सख्ख्या पुतण्याचा पाडाव केला. १७६८ मध्ये धोडपला माधवरावांनी त्यांचा पराभव करून त्यांना पुण्यात आणून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने गेले. गादी धाकट्या भावाकडे, नारायणरावांकडे आली, आणि काका पुन्हा कैदेत पडले. म्हणजे त्या दुपारच्या मागे दहा-अकरा वर्षांची भाऊबंदकी होती. दोन लढाया होत्या, तह होते, समेट होते, पुन्हा मोडलेले समेट होते.

आणि त्या दालनात नेमकं काय झालं? कटाला दादांची संमती होती, पण ती पकडण्यापुरती होती की मारण्याची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पुतण्याला सोडा असं ते गारद्यांना म्हणाले, पण आता सोडलं तर आमचाच जीव जाईल असं उत्तर देऊन गारद्यांनी त्यांनाही धमकावलं, अशीही एक हकिकत आहे. मला विचाराल तर ही हकिकत भुतापेक्षा कितीतरी भयानक आहे. आपणच सोडलेली माणसं आपल्या शब्दाबाहेर गेली आहेत आणि गळ्यात पुतण्याचे हात आहेत. यावर एक अख्खा भाग करा. लोक श्वास रोखून ऐकतील.

यापुढे जाऊन एक गाऱ्हाणं मांडायचं आहे ते राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंबद्दल. जवळजवळ प्रत्येक सादरीकरणात त्यांचा आवाज चेटकिणीसारखा काढला जातो. ‘ध’चा ‘मा’ त्यांनी केला, म्हणजे हुकमातल्या ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. तसा खाडाखोड केलेला कागद आज कुणी समोर ठेवू शकत नाही. तरी दोष मात्र त्यांच्या एका अक्षराला चिकटला, आणि ज्यांनी फौजा हलवल्या, गारदी फोडले, तलवारी चालवल्या ते सगळे पुरुष त्या अक्षराआड निवांत बसले. गोष्ट सोपी करायला एक दुष्ट बाई लागते, अशी आपली खोड आहे. निदान ‘असं म्हणतात’ एवढे दोन शब्द तरी आधी जोडा. तसंच गारद्यांचं. हल्ली काहीजण त्यांना एका धर्माचे म्हणून रंगवायला लागले आहेत. सुमेरसिंग, खडकसिंग, महंमद इसफ, तुळाजी पवार ही नावं शेजारी शेजारी ठेवून बघा. तो पैशासाठी विकला गेलेला मिश्र जमाव होता. त्याला आजच्या भांडणात ओढू नका.

पुढची हकिकत तर तुम्ही सांगतच नाही, आणि खरी दाहक तीच आहे. ऑक्टोबर १७७३ मध्ये राघोबादादा पेशवे झाले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, खुद्द पेशव्यालाच दोषी ठरवलं, या पापाला देहांत प्रायश्चित्त आहे असं तोंडावर सांगितलं आणि पुणं सोडून गेले. गादीवर बसलेल्या माणसाला त्याच्याच पगारी न्यायाधीशाने हे ऐकवलं, तेही या खुनाला काही महिने होत नाहीत तोच. मागे राहिलेल्या नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. कारभाऱ्यांनी त्यांना पुरंदरावर हलवलं. तिथे १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मले आणि अवघ्या चाळीस दिवसांचं ते बाळ पेशवा झालं. राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले. मार्च १७७५ चा सुरतेचा तह, मग युद्ध, जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांची नामुष्की, १७८२ चा सालबाईचा तह. एका दुपारच्या खुनाची किंमत रयतेने नऊ वर्षं मोजली. ११ डिसेंबर १७८३ रोजी दादा कोपरगावला वारले. आणि ज्याच्यासाठी एवढं केलं ते बाळ? सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, याच शनिवारवाड्यात वरच्या मजल्यावरून खाली पडून गेले. ती उडी होती की तोल गेला, हे आजही बोललं जातं.

मग गादीवर आले दुसरे बाजीराव. राघोबादादांचे पुत्र. त्यांचा जन्म १७७५ चा, म्हणजे खुनाच्या वेळी ते जगातही नव्हते. तरी नारायणरावांचा आत्मा त्यांना छळत असे, त्या धास्तीने त्यांनी दानधर्म केले, पुण्याच्या आसपास आंब्याची हजारो झाडं लावली, अशी कथा सांगितली जाते. खरीखोटी देव जाणे. पण तुम्हाला भुताचीच गोष्ट हवी असेल तर ही घ्या, कारण हिच्यात अर्थ आहे. हिच्यात भूत पहिल्यांदा दिसतं ते तिकीट काढून आलेल्या प्रवाशाला नव्हे. ते दिसतं बापाच्या पापावर उभ्या असलेल्या गादीवर बसलेल्या मुलाला. ज्याने काही केलेलं नाही पण सगळं मिळालेलं आहे, त्याला रात्री झोप येत नाही. जुन्या लोकांनी भूत कुठे ठेवायचं ते बरोबर ओळखलं होतं.

रात्री येण्याबद्दलही लिहिलं पाहिजे. वाडा सायंकाळी बंद होतो. मग तटावर चढून जाण्याचे बेत होतात, पैजा लागतात. तटाच्या पायऱ्या उंच आहेत, काही ठिकाणी घासून गुळगुळीत झालेल्या, वर कडेला फारसा आधार नाही. अंधारात, कॅमेऱ्याकडे बघत मागे सरकताना कुणी पडलं तर? ज्या वाड्यातून एक एकवीस वर्षांचा मुलगा पडून गेला त्याच वाड्यातून दुसरा जाऊ नये, एवढी माझी कळकळ आहे. शनिवारवाडा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या कायद्याप्रमाणे, २०१० च्या दुरुस्तीनंतर, स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. भिंतीवर कोळशाने ‘काका’ लिहिणं हीसुद्धा नासधूसच. बुरुजाच्या कोनाड्यात मेणबत्त्या लावून काजळी धरवणं, वातावरण तयार व्हावं म्हणून लिंबू-टाचण्या पसरून ठेवणं, याने त्या दगडांचं काय होतं आणि सकाळी ते साफ करणाऱ्या माणसाला काय वाटतं, याचा विचार करा.

यात एक गोष्ट मला फार लागते. वाड्यापासून सहज चालत जाण्याच्या अंतरावर, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर, २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा गोळ्या घालून खून झाला. भूत, करणी, अंगात येणं यांच्या धाकातून माणसांना सोडवण्यासाठी त्यांनी आयुष्य घातलं. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या पुलावरून रात्री गाड्या उडवत तुम्ही शनिवारवाड्याचं भूत शोधायला येता. मी तुमच्यावर ठपका ठेवत नाही. तुमच्यातले बरेचजण तेव्हा प्राथमिक शाळेत असतील. फक्त त्या रस्त्यावर काय काय घडलं आहे ते ठाऊक असावं, असं वाटतं. खोटा आवाज ध्वनिफितीत मिसळून ‘आम्ही प्रत्यक्ष टिपलेला’ म्हणून दाखवणं तर अगदीच सोडून द्या. कुठलं तरी सात-आठ वर्षांचं पोर ते खरं मानून रात्री आईला बिलगून झोपतं. अशी पोरं मला शाळेत भेटतात.

तुमची सहल बंद पडावी असं मला अजिबात वाटत नाही. उलट ती मोठी करा. भाऊबंदकीची एक पूर्ण वाट आपल्याकडे तयार आहे आणि ती वाट म्हणून कुणी फारशी दाखवत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या धोडप किल्ल्यापासून निघा, जिथे काका हरले. मग थेऊर, जिथे माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या. नदीकाठी त्यांचं वृंदावन आहे. मग शनिवारवाडा. मग पुरंदर, जिथे वारस जन्मला. पुण्याहून मुंबईकडे जाताना मावळातलं वडगाव लागतं, तिथे थांबा. जमलं तर गोदाकाठी कोपरगावही करा, आणि नाशिकजवळची आनंदवल्ली. एका घरातल्या भांडणाने राज्य कसं कुरतडलं हे प्रत्यक्ष फिरून दाखवता येईल. दोन दिवसांची सहल होईल. लोक पैसे देऊन येतील आणि परत जाताना काहीतरी घेऊन जातील. माझ्याकडे टिपणं आहेत, ती मी आनंदाने देईन. पाठांतर नको असेल तर बरोबर येऊन बोलेनही. मानधन नको.

वाड्यातच सांगायचं असेल तरी थोडा क्रम बदला. दिल्ली दरवाज्यापाशी घाबरवून सुरुवात करण्याऐवजी लोकांना सरळ जोत्यांपाशी न्या. अठरा वर्षांचा मुलगा, दुपारची वेळ, जेवायला गेलेले हरिपंत. मग पळापळ. चापाजीपाशी थांबा, नाव स्पष्ट उच्चारा. दासींचा उल्लेख करा. काकांपाशी पोचलात की लोकांना विचारा, तुम्ही काय केलं असतं? उत्तर देण्याची घाई करू नका. त्यानंतर नारायण दरवाजा, आणि शेवटी रामशास्त्री. मी मुलांबरोबर हे करून बघितलं आहे. नववीतली मुलं, एरवी दोन मिनिटं उभी न राहणारी, रामशास्त्र्यांपर्यंत आली की भांडायला लागतात. प्रायश्चित्त सांगून निघून जाणं पुरेसं होतं का, त्यांनी थांबायला हवं होतं का, पळून जाणाऱ्याचा जय झाला की हार. एकदा हा वाद एवढा रंगला की पहारेकऱ्याला आम्हाला बाहेर काढावं लागलं. भूत कुठल्या बाजूला असतं हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

येत्या ३० ऑगस्टला मी दुपारी साडेबाराला वाड्यात असेन. कुठली संस्था नाही, फलक नाही, भाषण नाही. एक वाजता आतल्या जोत्यांपाशी ती दुपार क्रमाने सांगायची, जी नावं आपल्याला ठाऊक आहेत ती घ्यायची, एवढाच बेत आहे. तुमच्यापैकी जे ही गोष्ट उत्तम सांगतात त्यांनी त्यातला एकेक भाग उचलावा अशी माझी विनंती आहे. दिवस उत्सवाचे असले तर रस्ते बंद असतात, तेव्हा नदीपलीकडे गाडी लावून चालत या. तिकीट प्रत्येकाने आपापलं काढायचं. ट्रायपॉडला परवानगी लागते, म्हणून तो घरी ठेवा; मोबाइलवर जे टिपता येईल ते टिपा आणि खुशाल दाखवा.

आपला स्नेहांकित,
इतिहासाचा एक शिक्षक
पुणे